मोघम म्हणजे संशयास्पद नव्हे

प्रश्न असा आहे: "इंग्रजीत एखादी गोष्ट 'स्केची', म्हणजे गडबडीची, वाटते म्हणतात, तसं मराठीत बोलताना 'झोलवाली' म्हटलं तर चालेल का? घर भाड्याने देण्याची एक जाहिरात मला तशी वाटली. मैत्रिणीला सांगायचं आहे."

चालेल. मैत्रिणीलाच सांगायचं असेल तर बिनधास्त म्हणा. पण या एका शब्दापायी माझ्या ओळखीतल्या एका सरळ माणसाची बदनामी झालेली मी पाहिली आहे, त्यामुळे एवढं सांगून मला थांबवणार नाही.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कामाचा तपासणी अहवाल माझ्याकडे आला. तपासणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, लिहिणं जुन्या वळणाचं. दुसऱ्या टप्प्यातल्या खर्चाच्या नोंदी 'स्केची' आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. मी लिहिलं, 'खर्चाच्या नोंदी मोघम आहेत.' पुढच्याच वाक्यात त्यांनी बाबवार तपशील जोडायला सुचवलं होतं, म्हणजे त्यांना काय म्हणायचं होतं ते तिथेच उघड होतं. प्रवासखर्चाचा एकच आकडा होता. कोण गेलं, कुठे गेलं, कशाने गेलं, काही नाही. अशा हिशेबाला मराठीत मोघम हिशेबच म्हणतात.

मजकूर वरिष्ठांकडे गेला आणि त्यांनी 'मोघम' खोडून 'संशयास्पद' केलं. मी विचारायला गेले. "अगं, स्केची म्हणजे गडबडवालं. माझी मुलगी दिवसातून दहा वेळा म्हणते." मी पुढचं वाक्य दाखवलं. त्यावर उत्तर आलं, "लोक आज ज्या अर्थाने वापरतात, तोच शब्दाचा अर्थ." मी नवीन होते. परत येऊन जागेवर बसले.

संस्थेच्या बैठकीत अहवाल मराठीतूनच वाचला गेला. मूळ इंग्रजी कुणी उघडलं नाही. त्या नोंदी एक काका ठेवायचे. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो. 'संशयास्पद' हा शब्द कानावर पडल्यावर त्यांच्याकडून त्याच दिवशी किल्ल्या काढून घेतल्या. पुढे चार महिने चौकशी चालली. प्रत्येक खर्चाची पावती त्यांच्याकडे तारखेनुसार दोऱ्यात ओवलेली होती, फक्त वहीत उतरवलेली नव्हती. पै न पै जुळली. परत या म्हणून निरोप गेला, पण काका आले नाहीत.

वरिष्ठांचं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि भेटलो की आजही तेच असतं. म्हणून जरा मुळाशी जाऊन सांगते. 'स्केच' म्हणजे कच्चं रेखाटन. इटालियन 'स्कित्सो' डच भाषेतून सतराव्या शतकात इंग्रजीत आला आणि त्याचा 'स्केच' झाला. त्यावरून एकोणिसाव्या शतकात 'स्केची' हे विशेषण रुळलं, तेव्हा अर्थ साधा होता: वरवरचं, अपुरं, तपशील न भरलेलं. 'इथे काहीतरी काळंबेरं आहे' हा अर्थ पुष्कळ नंतरचा, विसाव्या शतकातला, अमेरिकेतल्या तरुण मुलांच्या बोलण्यातला. दोन्ही अर्थ आज शेजारी शेजारी नांदतात. लोक वापरतात तो अर्थ, हे मलाही मान्य आहे. पण कुठले लोक? सत्तरी उलटलेला माणूस औपचारिक अहवालात तोच शब्द लिहितो, तेव्हा तो वरिष्ठांच्या मुलीच्या अर्थाने लिहीत नाही. एवढं ज्याला ओळखता येत नाही, त्याने दुसऱ्याचं भाषांतर तपासू नये.

मराठीत तर ही गल्लत व्हायचं कारणच नाही, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत. मोघम म्हणजे तपशील नसलेलं. मूळ अरबी 'मुब्हम', म्हणजे अस्पष्ट; त्यात कुणाच्या हेतूवर बोट नाही. गुळमुळीत बोलणारा बहुतेकदा भिडस्त असतो. गोलमोल बोलणारा जाणूनबुजून टाळतो, म्हणजे इथे संशयाला जागा झाली. आणि संशय पक्का असेल तेव्हा मराठी माणूस विशेषण शोधत बसत नाही, सरळ म्हणतो: कुठेतरी पाणी मुरतंय, काहीतरी काळंबेरं आहे, यात झोल आहे. 'झोल' हे नाम आहे. ढिल्या तारेला पडतो तो झोल. त्यामुळे 'झोलवाली' पेक्षा 'त्या जाहिरातीत झोल आहे' हे कानाला जास्त मराठी वाटतं. माणसाला 'झोलर' म्हणतात, पण ते तोंडावर म्हणू नये.

'संदिग्ध' शब्द मात्र जपून वापरा. मराठीत संदिग्ध विधान म्हणजे दोन अर्थ निघतील असं विधान. हिंदी बातमीतला संदिग्ध व्यक्ती म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तो. हिंदी ऐकून मराठीत तसं लिहिणारे वाढलेत आणि तिथेही हीच चूक होते. तसंच 'संशयी' म्हणजे संशय घेणारा, ज्याच्यावर संशय घेतला जातो तो 'संशयित'. छापील मजकुरातसुद्धा यांची अदलाबदल दिसते.

एक गोष्ट वरिष्ठांच्या बाजूची आहे, ती लपवणार नाही. 'संदिग्ध' आणि 'संदेह' हे दोन्ही संस्कृतात 'दिह्' या एकाच धातूपासून आलेले. दिह् म्हणजे माखणं, लेपणं. अस्पष्टपणा आणि संशय यांची जवळीक जुनीच आहे, ती काही अमेरिकन मुलांनी जुळवलेली नाही. आणि 'मोघम' लिहिताना मीही समासात एक ओळीचा खुलासा टाकायला हवा होता. तेवढ्याने कदाचित काकांच्या किल्ल्या वाचल्या असत्या.

आता तुमची जाहिरात. तिच्यात पत्ता नसेल, खोल्या किती ते नसेल, भाडं 'प्रत्यक्ष भेटीत' असेल, तर मैत्रिणीला सांगा की जाहिरात मोघम आहे, फोन करून विचारून घे. घर दाखवायच्या आधीच पैसे मागत असतील, तर झोल आहे म्हणा. यातलं नेमकं काय होतं, ते तुमच्या प्रश्नात आलेलं नाही.