पाळकांच्या यादीपलीकडची मंडळी

सप्रेम नमस्कार,

मसुदा वाचला. अमेरिकेतल्या खेड्यातल्या त्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांच्या समुदायाचा, इतिहास तू पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कारकिर्दींनुसार मांडला आहेस. तो मोडून पुन्हा लिही. पाळक येतात-जातात, खेड्यात तर एकाच पाळकाकडे दोन-तीन मंडळ्या असायच्या. पिढ्यान्‌पिढ्या टिकतात ती शेतकरी घराणी, आणि त्यांचा माग सेशनच्या इतिवृत्तात लागतो.

सेशन म्हणजे पाळक आणि मंडळीने आपल्यातून निवडलेले ‘वडील’ (एल्डर, म्हणजे कारभारी सभासद) यांची सभा. सभासद कोणाला करून घ्यायचं, आणि एकोणिसाव्या शतकात तर दारू पिऊन भांडणाऱ्याला प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) दूर ठेवायचं का, तेही तीच ठरवायची. अशी प्रकरणं वाचताना चटकन निवाडा करू नकोस. दूर ठेवलेला माणूस परत आला का, त्याच्या बाजूने कोण बोललं, ते शोध. गावाचा स्वभाव मला तिथेच दिसतो.

वही हरवली असली तरी वाट संपत नाही. सेशनच्या वह्या तपासणीसाठी प्रेस्बिटेरीपुढे, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांवरच्या वरिष्ठ सभेपुढे, जायच्या, आणि प्रेस्बिटेरीचं स्वतःचं इतिवृत्त वेगळं असे. मंडळीची स्थापना, पाळकाची नेमणूक, वरपर्यंत गेलेले तंटे तिथे सापडतील. फिलाडेल्फियाची प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी १८५२ पासून हेच कागद जपते आहे. तिथे विचारल्याशिवाय ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ हे वाक्य लिहायचं नाही.

१८३७ साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चमधले ओल्ड स्कूल आणि न्यू स्कूल हे दोन गट वेगळे झाले, १८६१ मध्ये यादवी युद्धात दक्षिणेने वेगळं चर्च काढलं, आणि उत्तर-दक्षिण एकत्र यायला १९८३ उजाडलं. तुझी मंडळी प्रत्येक वेळी कुठे उभी राहिली, ते सांग. ती दक्षिणेतली आणि युद्धाआधीची असेल, तर सभासदांच्या यादीत गुलाम माणसंही असू शकतील. त्यांचं बहुधा नुसतं पहिलं नाव आणि पुढे मालकाचं नाव असतं. ती नावं परिशिष्टात ढकललेली मला चालणार नाहीत. ज्यांच्या श्रमावर मंडळी उभी राहिली, ते मूळ मजकुरातच हवेत.

स्त्रियांचंही तसंच. उत्तरेकडच्या चर्चने त्यांना वडीलपद दिलं १९३० मध्ये, दक्षिणेकडच्याने १९६४ मध्ये. त्याआधीचं इतिवृत्त पुरुषांनी लिहिलेलं. म्हणून महिला मिशनरी मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या शोध. त्या चर्चच्या कपाटात नसतील, तर जुन्या खजिनदार बाईंच्या घरच्यांकडे चौकशी कर, आणि त्या हाती आल्यावरच मसुदा पुन्हा पाठव.