पाडव्याचं टोकन भरण्याआधी बदलापूरचा एक पावसाळा पाहा

सांगलीहून एका वाचकांनी लिहिलं आहे. ऐरोलीत नोकरी मिळाली आहे, जूनपासून रुजू व्हायचं आहे. हातात पगार 68,000. पत्नी सांगलीत स्टाफ नर्स आहेत, त्यांना 22,000 ची नोकरी सोडावी लागेल. मुलगी पहिलीत जाणार. जमा पुंजी 13 लाख: ठेवी, म्युच्युअल फंड आणि सासूबाईंनी दिलेले काही पैसे मिळून. एका रविवारी मेहुण्यांबरोबर बदलापूरला जाऊन त्यांनी वन बीएचके पाहिला. किंमत 38 लाख, ताबा 20 महिन्यांनी. गुढीपाडव्याच्या आत 51,000 टोकन भरलं तर मजल्याचे जादा पैसे माफ. मेहुणे म्हणतात, भाड्याचा पैसा पाण्यात जातो, घेऊन टाका. पत्नी म्हणतात, आधी राहून बघू. त्यांनी मला विचारलं आहे, कोणाचं ऐकू?

नमस्कार. पत्नीचं ऐका. टोकन भरू नका. वर्षभर भाड्याने राहा, आणि त्या वर्षात घर कुठे घ्यायचं याचा नीट शोध घ्या. का, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

पहिली गोष्ट मेहुण्यांच्या मुद्द्याची. ताबा 20 महिन्यांनी आहे. म्हणजे आज बुकिंग केलं तरी ते 20 महिने तुम्ही भाड्यानेच राहणार. बुकिंगने भाडं वाचत नाही. उलट बँक स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम जसं वर चढेल तसे, पैसे सोडायला लागली की त्याचं व्याज भाड्याच्या जोडीला चालू होतं. अर्धं कर्ज वितरित झालं की 8.5 टक्क्यांनी महिन्याला 10,700 च्या आसपास फक्त व्याज. ताबा लांबला, तर हे दोन्ही हप्ते तितके दिवस सोबत चालणार. पगार एक, आणि पत्नीच्या नव्या नोकरीचा अजून पत्ता नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. साइट ऑफिसमधल्या मुलाने तुम्हाला सांगितलं की 85 टक्के कर्ज होईल, सहा लाख हातात असले की पुरे. हे गणित बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्के देता येतात, पण 30 ते 75 लाखांच्या कर्जात मर्यादा 80 टक्क्यांची आहे. तुमच्या 38 लाखांवर ती 30 लाख 40 हजार होते. म्हणजे पदरचे 7 लाख 60 हजार. त्यावर मुद्रांक शुल्क, सहा ते सात टक्के धरा, अडीच लाखांच्या आसपास. ते कर्जात घालता येत नाही. नोंदणी फी 30,000. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी. घर 45 लाखांच्या आत आणि कार्पेट 60 चौरस मीटरच्या आत असल्यामुळे तो एक टक्का, म्हणजे 38,000. बेरीज होते पावणेअकरा लाखांच्या वर. ग्रिल, पंखे, किचनचे कप्पे, सांगलीहून सामान आणायचा टेंपो, सोसायटीची सुरुवातीची रक्कम यांना दोन लाख ठेवा. तुमच्या 13 लाखांतून उरतात वीसेक हजार. नव्या गावात, एका पगारावर, लहान मुलीसह, वीस हजार. हे पाहून मला खरोखर काळजी वाटली, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

त्याच मुलाने पंतप्रधान आवास योजनेतून एक लाख 80 हजार मिळतील असंही सांगितलं आहे. त्या व्याज अनुदानासाठी घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत लागतं. तुमचं घर किमतीतच बाहेर पडतं. आणि कर वाचेल म्हणाल, तर तुमच्या पगाराला नव्या करप्रणालीत तसाही कर लागत नाही. त्यामुळे राहत्या घराच्या व्याजातून तुमचा एक रुपयाही कर कमी होणार नाही. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी घर घेतलं ते हाच सल्ला अजून देतात. त्यांच्या वेळी तो खरा होता.

आता खरा विषय, गाव कोणतं. बदलापूर वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. माझी कितीतरी अशील कुटुंबं तिथे सुखाने राहतात. मोकळी हवा आहे, मराठी वस्ती आहे, आणि तुमच्या बजेटात बसणारी घरं तिथे मिळतात. पण सीएसएमटीपासून बदलापूर 68 किलोमीटर, अंबरनाथ 60, कल्याण 54, डोंबिवली 48 आणि ठाणे 34. तुम्हाला ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल धरायची, मग दिघा गाव, मग ऐरोली. बदलापूरहून ठाण्यापर्यंत पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, जिना-पूल चढून फलाट बदलायला आणि पुढची गाडी मिळायला पंधरा, पुढे दहा-बारा, आणि दोन्ही टोकांना रिक्षा. एका बाजूला पावणेदोन तास धरूनच चाला. कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर गाड्याही विरळ होतात. एक चुकली की पुढचीची वाट.

तुम्ही भाड्याचे दर विचारून पाठवले ते चांगलं केलंत: बदलापूर 8,500, अंबरनाथ 9,500, डोंबिवली 14,000. तुम्हाला डोंबिवली महाग वाटते. मी वेगळं मोजतो. डोंबिवलीला राहिलात तर एका बाजूचा अर्धा तास वाचतो, दिवसाचा एक तास, महिन्याचे 25 तास. त्यासाठी 5,500 जास्त, म्हणजे तासाला 220 रुपये. तुमचा पगार कामाच्या तासांवर वाटला तर तासाला 300 च्या आसपास पडतो. शिवाय तुमच्या पत्नीची नोकरी. स्टाफ नर्सची ड्युटी तीन पाळ्यांची असते. डोंबिवली, कल्याण, ठाणे या पट्ट्यात रुग्णालयं भरपूर आहेत, बदलापूरहून रात्रपाळीला जाणं-येणं अवघड. त्यांना 25,000 ची नोकरी तीन महिने लवकर मिळाली तरी वर्षभराचा भाड्यातला फरक त्यातून निघून जातो. माझ्या मते या सगळ्या निर्णयात सर्वात मोठा आकडा त्यांच्या पगाराचा आहे, आणि तुमच्या पत्रात तो एका ओळीत संपला आहे.

म्हणून जूनपासून 11 महिने डोंबिवली किंवा कल्याण. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरार, नोंदणीकृतच करा, महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे. शाळेच्या प्रवेशाला, गॅस जोडणीला तोच पुरावा लागतो.

आणि मग शोध. तुम्ही बदलापूर पाहिलं ते रविवारी, गाडीने, दुपारी. मीही माझं पहिलं घर असंच पाहिलं होतं, जानेवारीतल्या एका रविवारी, कल्याणच्या पलीकडे. रस्ता मोकळा, नळाला धो धो पाणी. राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं की ते पाणी टँकरचं होतं आणि बिल्डरने ग्राहक यायच्या दिवशी टाकी भरून ठेवली होती. चार वर्षं आम्ही टँकरचे पैसे भरले. माझी आई पहाटे साडेचारला उठून बादल्या भरायची, त्याची सल अजून जात नाही. त्यामुळे घर बघायला रविवारी जा, पण निर्णय रविवारी करू नका. शिवाय रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो, लोकलचा खरा अंदाज त्या दिवशी येतच नाही.

सोमवारी किंवा मंगळवारी जा. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा, लॉजला हजार-पंधराशे गेले तरी चालतील. सकाळी सातच्या सुमारास त्या इमारतीपासून स्टेशनपर्यंत चालत या, घड्याळ लावून. डब्याची बॅग पाठीवर घेऊन गाडीत चढा, ऐरोलीच्या ऑफिसच्या दारापर्यंत जा. फलाटावर नीट पाहिलंत तर एक गोष्ट दिसेल. काही लोक उलट्या दिशेच्या गाडीतून येतात आणि न उतरता बसूनच राहतात. हे अंबरनाथचे लोक, मागे बदलापूरला येऊन तिथूनच सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळवतात, याला तिथे ‘रिटर्न’ करणं म्हणतात. तेवढ्यासाठी माणसं रोज वीस-पंचवीस मिनिटं जास्त देतात. यावरून गर्दीची कल्पना करा. संध्याकाळी पावणेसातला ठाण्याहून परत या, आणि रात्री नऊला स्टेशनबाहेर शेअर रिक्षा किती वेळात मिळते ते पाहा. पुढच्या फेरीत पत्नीला बरोबर घ्या, कारण रात्रीचा तो रस्ता त्यांना चालायचा आहे.

पाण्याचं साइट ऑफिसात विचारू नका. शेजारच्या, पाच-सात वर्षं जुन्या सोसायटीत जा आणि सेक्रेटरींना मेंटेनन्सचं बिल दाखवायची विनंती करा. टँकर असेल तर त्यात दिसतो. बदलापूर-अंबरनाथला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं येतं, पण शेवटच्या टोकाच्या इमारतीला ते किती दाबाने पोचतं हे तिथला इस्त्रीवाला आणि किराणावालाच खरं सांगेल.

पावसाळ्यात, जुलैच्या उत्तरार्धात, एक फेरी हवीच. उल्हास नदी बदलापूरच्या पश्चिमेकडून जाते. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. हेंद्रेपाड्यासारख्या नदीकडच्या वस्तीत तळमजल्यांनी हे पाणी पाहिलेलं आहे. जुन्या इमारतींच्या पार्किंगमधल्या खांबांवर पाण्याची रेघ राहते, ती किती उंचीवर आहे ते बघा, आणि मीटरचे बोर्ड वर सरकवलेले आहेत का तेही. तुम्ही पाहिलेली इमारत पश्चिमेची आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

माहितीपत्रकातल्या येऊ घातलेल्या गोष्टींना मी शून्य किंमत लावतो. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो, चिखलोली स्टेशन, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन, यांतलं जे होईल ते होवो, चांगलंच आहे. पण आज त्याचे पैसे भरू नका. रेल्वेची लाइन पूर्ण झाली की ती तुम्हालाही दिसेल आणि मलाही.

कागदपत्रांत एक गोष्ट पक्की धरा. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नंबर आहे म्हणजे सगळं बरोबर, असं नाही. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. घर घेणारे सामान्य लोक होते, बँकांची कर्जं घेतलेले. म्हणून मंजूर नकाशाची प्रत घेऊन नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि परवानगी त्यांनीच दिली आहे याची खात्री करा. वकिलाकडून मालमत्तेचा 30 वर्षांचा शोध अहवाल करून घ्या, त्याला पैसे लागतात, ते द्या. आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हा कायदा लक्षात असू द्या.

तुमच्या मनातली खरी भीती मला कळते: वर्षभरात भाव वाढले तर? वाढू शकतात. सहा टक्के वाढले तर 38 लाखांचं घर 40 लाख 28 हजारांना मिळेल. पण चुकीच्या जागी घेतलेलं घर दोन वर्षांनी विकावं लागलं, तर आज भरलेलं मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी मिळून तीन लाखांच्या वर तिथेच बुडतात, आणि नवीन घराला पुन्हा भरावे लागतात. या पट्ट्यात नव्या इमारती सतत उभ्या राहतात. पाडव्याला हुकलेली योजना अक्षय तृतीयेला येते, नाही तर दसऱ्याला.

पैशांची मांडणी अशी करा. तीन लाख घरखर्चाचा आणीबाणी निधी म्हणून बँकेच्या ठेवीत वेगळे ठेवा, त्याला हात लावायचा नाही. नवी नोकरी म्हणजे जुना गट विमा गेला, तेव्हा कुटुंबाचा आरोग्य विमा मेअखेरीस घ्या, आणि एक कोटीचा मुदत विमा कर्जाआधी. उरलेल्या दहा लाखांतला घरासाठीचा भाग म्युच्युअल फंडातून ठेवीत आणा, दीड-दोन वर्षांत लागणारा पैसा बाजारात राहू नये. पत्नीची नोकरी लागली की त्यांचा पगार सहा महिने जसाच्या तसा बाजूला टाका. तेवढ्याने पुढच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे दीड लाख जास्त असतील, आणि दोन पगारांवर कर्ज मागाल. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे, तुम्ही कर्जात सहकर्जदार राहू शकता.

साइट ऑफिसचा फोन आला की एवढंच सांगा: मंजूर नकाशा आणि करारनाम्याचा मसुदा ईमेलवर पाठवा, जुलैत येऊन पाहतो. तोपर्यंत वहिनींना डोंबिवली-ठाण्यातल्या रुग्णालयांत अर्ज करायला सांगा. नर्सिंगची नोंदणी आणि अनुभवाचं प्रमाणपत्र सांगली सोडायच्या आधी हातात घ्या, नंतर त्यासाठी सुट्टी काढून परत जावं लागतं.