'लाईन' ह्या इंग्रजी शब्दाचे आपल्याकडं बोलण्यात एवढे वेगवेगळे अर्थ कसे काय?

प्रश्न बघितला आणि म्हटलं झोप गेली खड्ड्यात, ह्याला उत्तर मीच देणार. ह्या एका शब्दापायी आमच्या घरात दहा वर्षं वाद चालू आहे, आणि तो आमच्या दाजींनी मुद्दाम चालू ठेवलाय.

मी तासगाव तालुक्यातला. आमच्याकडं लाईन म्हणजे आधी वीज, बाकीचं सगळं मागनं. त्यातपण घरातली ती लाईट आणि मोटारीची ती लाईन, म्हणजे थ्री फेज. घरात टीव्ही चालू असतो तरी माणूस म्हणतो "लाईन नाय", आणि पुण्याचा पाहुणा आधी टीव्हीकडं बघतो मग माणसाकडं. शेतीला ती कधी दिवसा येणार कधी रात्री, त्यामुळं "लाईन दिली का" हे आमच्याकडं "जेवला का" पेक्षा जास्त वेळा विचारलं जातं.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात, शनिवारी घरी आलेलो. रात्रीची लाईन होती, द्राक्षाला पाणी द्यायचं होतं. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, शेजारच्या तात्यांच्या वस्तीजवळ, म्हणून वडील म्हणाले तात्याला विचार. फोन काय लागेना, मग मेसेज टाकला, "लाईन दिली का?" नेमका तात्यांचा फोन त्या दिवशी त्यांच्या पोरीकडं, ती बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, आणि मेसेज वाचला तिच्या भावानं. गडी अर्ध्या तासात गाडीवर आमच्या दारात, हातात लांबडी बॅटरी, आणि ती उजेडासाठी आणलेली नाही हे मला लगेच कळलं. मागनं तात्या आले, मेसेज बघितला आणि म्हणाले, "आरं येड्या, कवाच दिलीय की, जा मोटार चालू कर." विषय संपला. पहाटेपर्यंत पाणी पाजलं.

दाजींनी मात्र तो संपू दिला नाही. ते असतात ठाण्याला, पण प्रत्येक लग्नाला, बारशाला हा किस्सा सांगतात आणि त्यांच्या किश्श्यात माझा मेसेज असतो "लाईन देतीस का?" आता तुम्हीच सांगा हे एक आहे का? "दिली का" मध्ये देणारं कोण, तर बोर्ड. (2005 ला विद्युत मंडळाच्या कंपन्या होऊन वीज द्यायचं काम महावितरणकडं गेलं, तरी आमच्याकडं अजून बोर्डच म्हणतात.) लाईन मराठीत येऊन स्त्रीलिंगी झाली म्हणून "दिली", तात्यांनी दिली काय नि तात्यांच्या पोरीनं दिली काय, दिलीच. "देतीस का" म्हटलं की मात्र समोर पोरगीच उभी राहते. एवढं व्याकरण सातवीच्या पोराला कळतं. दाजी इंजिनिअर आहेत.

बाकीचे अर्थ तुम्हाला माहीतच असणार. पोरगा मारतो ती लाईन, पोरगी देते तीपण लाईन. ट्रकवाला लाईनवर आहे म्हणजे घरात नाही. वाया गेलेला लाईनीवर येतो, सहसा लग्न झाल्यावर. मिरजेत लाईन म्हटलं की रेल्वे, तिथल्या जुन्या माणसांनी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही लाईनी बघितल्यात. पोलीस लाईन आली इंग्रजांच्या छावणीतनं, शिपायांच्या राहायच्या रांगांना ते लाईन्स म्हणायचे, आणि तिथं वाढलेली पोरं आज स्वतःला लाईनबॉय म्हणवतात. गंमत म्हणजे लोकांच्या रांगेला इंग्रज स्वतः क्यू म्हणतो, लाईन म्हणतो अमेरिकावाला, आणि रेशनला लाईन लावतो आपण.

मुळात लॅटिनमध्ये लिनिया म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. इंग्रजीत पोरगी पटवायच्या ठरीव वाक्याला पिकअप लाईन म्हणतात, थापेलापण लाईन म्हणतात, पण लाईन "मारत" नाहीत. मारणं आपलं, जसं आपण कट मारतो, राऊंड मारतो. त्यामुळं माझं स्पष्ट मत, शब्दाचा अर्थ विचारू नका, पुढचं क्रियापद बघा, मारली, दिली, लावली, गेली, त्यातच सगळं आलं. दाजींना हे कितींदा सांगितलं.

आणि शेतातनं कुणाला मेसेज टाकायचा असला तर सरळ "थ्री फेज आली का" लिहा.

हां, एक राहिलं. माझ्या मेसेजच्या शेवटी एक स्माईली होती. चुकून पडलेली. दाजी तेवढं बरोबर सांगतात.