व्हल्कनचा विनाश आणि जुन्या आठवणी

प्रश्न : नाशिकरोडच्या घरी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी अंतराळ-मालिका पाहत मी मोठा झालो. २००९च्या नव्या चित्रपटात त्यातील स्पॉक या पात्राचा व्हल्कन हा मूळ ग्रहच नष्ट झालेला पाहून माझ्या आठवणी कोणी पुसून टाकल्यासारखे वाटले. जुन्या कथांना आता अर्थ उरला आहे का?

उत्तर : तो प्रसंग पाहताना मलाही गलबलून आले होते. मात्र भविष्यातून मागे आलेल्या खलनायक नीरोमुळे काळाचा वेगळा प्रवाह सुरू होतो आणि १९६६ ते १९६९ या काळातील मूळ मालिकेचे ७९ भाग आपल्या जागी अबाधित राहतात. लिओनार्ड निमॉय यांनी साकारलेला वृद्ध स्पॉक त्या मूळ प्रवाहातूनच येतो. माझी तक्रार निराळी आहे. पूर्वी यानाचा कप्तान कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय नैतिक पेचावर वाद घालत व तो वादच कथेचा गाभा असे. नव्या चित्रपटात धावपळीने ती जागा घेतली. कार्ल अर्बन यांच्या मॅकॉयने मात्र जुना सूर अचूक पकडला आहे. निमॉय यांच्या निधनानंतर, २०१६मध्ये आलेला ‘स्टार ट्रेक बियॉन्ड’ आपण अवश्य पाहावा. त्यात तरुण स्पॉकला वृद्ध स्पॉकच्या सामानात जुन्या सहकाऱ्यांचे छायाचित्र सापडते.