श्रीलंकेत सिगिरियाला (उंच कातळावरचा जुना किल्ला) जायचंय, आई-बाबांना चढण झेपेल का?

झेपेल, फक्त सकाळी दार उघडताच चढायला लागा. नंतर कातळ तापतो. पायऱ्या साधारण 1200, बऱ्याच लोखंडी. गुडघे कुरकुरत असतील तर वाटेतल्या भव्य सिंहशिल्पाच्या पंजांपाशी थांबू द्या, तिथवरच निम्म्याहून जास्त ऐवज बघून होतो. बापाला मारून गादीवर बसलेल्या कश्यप राजाने पाचव्या शतकात ही राजधानी वसवली. अर्ध्या वाटेवर कपारीतल्या स्त्रियांची चित्रं बघून अजिंठा आठवतोच. फोटो मात्र काढू देत नाहीत. लगतची आरसाभिंत (आरशासारखी घोटलेली भिंत) नीट बघा: हजारेक वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी या चित्रांबद्दलच्या सिंहली कविता तिच्यावर कोरून ठेवल्यात. (आपले लोक गडांवर बदाम कोरतात!) माथ्यावर वाड्याची जोतीच उरलीत. खालच्या बागेतली कारंजी पावसाळ्यात अजून उडतात.