लाईक देऊन थांबू नकोस, नोंद कर

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. जुन्या फोटो-कागदपत्रांच्या तुमच्या संग्रहासाठी साहेबांना रील्स हव्यात, तुला जुन्या पेठांचा मॅप करायचाय आणि महिन्याच्या शेवटी मोजायचं काय तेच कळेना, असं लिहिलंयस. अगं, तू मन लावून काम करतेस हे परत सांगत बसत नाही. पण एवढ्या लांब मेसेजमध्ये कॅटलॉग, म्हणजे संग्रहातल्या प्रत्येक वस्तूची नोंद, हा शब्द एकदाही आला नाही, तिथे मी अडखळलो.

आमच्या संग्रहात एक ग्रुप फोटो होता, दगडी पायऱ्यांवर बसलेली नऊ माणसं, कार्डावर नुसतं 'अज्ञात समूह'. मी तो फेसबुकवर टाकला. एका आजोबांनी कमेंटमध्ये डावीकडून सात जणांची नावं लिहिली, कोण कुणाचा मेव्हणा तेसुद्धा. मी लाईक दिला, 'धन्यवाद काका' लिहिलं आणि पुढच्या पोस्टला लागलो. पेज होतं एका मुलाच्या पर्सनल अकाउंटवर, तो नोकरी सोडून गेला, पेज बंद पडलं. आजोबाही गेले. कार्डावर अजून 'अज्ञात समूह'च आहे आणि त्याला जबाबदार मी आहे, दुसरं कुणी नाही.

म्हणून सांगतो, लोकांनी सांगितलेलं कॅटलॉगमध्ये उतरलंच पाहिजे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी 2008 मध्ये फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवर सुमारे 3,000 फोटो टाकले. लोकांनी माणसं ओळखली, गल्ल्या ओळखल्या, तारखा दुरुस्त केल्या. कौतुक त्याचं नाही, लोक सगळीकडे सांगतातच. कौतुक याचं की तिथल्या स्टाफने ते तपासलं आणि पहिल्या वर्षातच 500 च्या वर फोटोंच्या नोंदी सुधारल्या. मोजायचं ते हे! साहेबांना व्ह्यूज दाखव, पण शेजारी सुधारलेल्या नोंदींचा आकडाही लिही, दर महिन्याला, न चुकता.

जुन्या मोडी लिपीतल्या पत्राची रील तर माझ्या डोक्यातच जाते. पान चार सेकंद दिसतं, वर तुतारी वाजते, रुमाल नंबर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा नंबर, कुठेच नाही. मग तेच पान व्हॉट्सअॅपवर फिरतं आणि उद्या एखाद्या मोडी वाचणाऱ्या बाईंनी घरी बसून अख्खं पत्र वाचून, उतरवून पाठवलं तरी ते नेमकं कुठल्या रुमालातलं, तूच शोधत बसशील. नंबर फोटोवरच टाक, कॅप्शनमध्ये नको, कॅप्शन फॉरवर्ड करताना गळतं.

मॅप जरूर कर. पण त्यात 'मला माहिती आहे' असं बटण हवं आणि ते दाबल्यावर लिहिलेलं थेट तुझ्या शीटमध्ये यायला हवं, नंबरसकट, सांगणाऱ्याच्या नावासकट. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या वेबसाइटवर लोक जुन्या वर्तमानपत्रांतला मशीनने चुकीचा वाचलेला मजकूर ओळीओळीने दुरुस्त करतात आणि ती दुरुस्ती सर्चमध्ये सापडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 2010 पासून इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमची हस्तलिखितं लोकांकडून टाईप करून घेतली, स्टाफने पानं तपासली. म्हणजे तपासणारं माणूस लागतं, आणि आपल्याकडे ते तूच असणार, हेही मला ठाऊक आहे.

आमच्या ऑफिसात म्हणायचे, सरांना सोशल मीडिया आवडत नाही. साफ खोटं. मी रोज अर्धा तास मागत होतो, कमेंट्स वहीत उतरवायला, तो कधी मिळाला नाही. माझा हट्ट चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. माझं चुकलं ते एवढंच की मी परवानगीची वाट बघत बसलो, रात्री घरी बसून उतरवायला हवं होतं. तू वाट बघू नकोस.

आणि हो, तुझी मंगळवारची बाजाराची पोस्ट पाहिली. खाली एका ताईंनी लिहिलंय, 'टोपलीवाली माझी आजी.' त्यावर तू हार्ट दिलंयस. आजीचं नाव विचारलंस का? गाव कुठलं, बाजार कुठला, साधारण कुठलं साल? आजच मेसेज कर त्यांना, रील उद्या झाली तरी चालेल.

तुझे सर