‘इफ’ आणि ‘व्हेन’नंतर ‘विल’ वापरलं तर चूक का मानतात?

‘इफ इट विल रेन, आय विल स्टे होम’ हे इंग्रजी वाक्य चूक आहे, कारण अट किंवा वेळ सांगणाऱ्या गौण वाक्यात भविष्यासाठी ‘विल’ येत नाही, साधा वर्तमानकाळ येतो: ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे होम’. गोष्ट पुढची आहे हे मुख्य वाक्यातलं ‘विल’ सांगतंच, गौण वाक्य फक्त अट घालतं. ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ यांनाही हेच लागू. मात्र बंदी सगळ्या मोडल क्रियापदांवर (‘विल’, ‘कॅन’, ‘मस्ट’ यांसारख्या साहाय्यक क्रियापदांवर) नाही. ‘इफ यू कॅन कम, कॉल मी’ अगदी बरोबर.

खरा गोंधळ पुढे होतो. ‘आय डोन्ट नो इफ इट विल रेन’ हेही बरोबरच आहे! इथे ‘इफ’ अट घालत नाही, ‘की नाही’ असं विचारतं. ‘इफ’च्या जागी ‘व्हेदर’ घालून पाहा. अर्थ तोच राहिला तर ‘विल’ बिनधास्त वापरा. ‘व्हेन’चंही तसंच:

- ‘टेल मी व्हेन यू विल कम’: कधी येणार ते सांग.
- ‘टेल मी व्हेन यू कम’: आलास की सांग.

एक अपवाद लक्षात ठेवा. ‘विल’चा अर्थ तयारी किंवा विनंती असेल तर ते अटीतही चालतं: ‘इफ यू विल हेल्प मी, वी कॅन फिनिश टुडे’, म्हणजे तू मदत करायला तयार असशील तर.